चौपन्न नंबर

"चेहरा बघू नकोस, शिवण बघ."

असं म्हणून ती उजव्या हाताचा अंगठा चित्रातल्या मुलीच्या तोंडावर दाबून धरायची. नखात कायम निळा खडू भरलेला. समोर तेरा-चौदा वर्षांची कुणीतरी पोर स्टुलावर उभी, तिची आई दारात पर्स सांभाळत. "आता सांग. हा घेर आवडला की पलीकडचा?" तोंड झाकलं गेलं की पोरी खरंच घेराकडे बघायला लागायच्या.

बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली तिचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक कटिंगचं टेबल, एक स्टूल. तिसरं माणूस आत आलं की पहिल्याने बाहेर जायचं. सगळी बिल्डिंग तिला मावशी म्हणायची. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. यापूर्वी एकदा नाव न घालता मी तिच्याबद्दल छापलं होतं आणि तिचं व्हायचं ते नुकसान तेवढ्यानेही झालं. हे लिहितेय ते त्यासाठीच. उशिरा लिहितेय, हेही आधीच कबूल करते.

मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, पत्रक. शाळेत मुलींना संडास नाही, पत्रक. अंबरनाथला आमच्या संघटनेची एक खोली आहे. तिथल्या जुन्या कार्यकर्त्या ताईंनी मला लिहायला शिकवलं. मथळा ओरडला पाहिजे. वाक्यं छोटी. आणि मधोमध एक चौकट हवीच, चौकटीत वस्तीतलं जिवंत उदाहरण. "लोक मुद्दा विसरतात गं, उदाहरण विसरत नाहीत," ताई म्हणायच्या. अगदी बरोबर म्हणायच्या.

आता मावशीकडचं जपान म्हणजे काय ते सांगते.

आमच्या बिल्डिंगमध्ये येण्याआधी ती उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात, एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सची सॅम्पलं शिवायची. डिझाइनं उचलायला शेठ कुठून कुठून परदेशी मासिकं आणायचे. कारखाना बंद झाला त्या दिवशी आठवण म्हणून बायकांनी हाताला लागेल ते नेलं. कुणी कात्री, कुणी टेबलफॅन, एकीने भिंतीवरचा आरसा उतरवला. मावशीने एक मासिक मागितलं. जपानमधल्या शाळकरी मुलींसाठी निघणारं, फॅशनचं. "मी म्हटलं, साईं, मला ते जपान द्या. शेठ म्हणाले, ले जा, उसमें पढ़ने जैसा कुछ नहीं है."

एकच अंक. त्या एका अंकावर तिने आमच्या अख्ख्या गल्लीतल्या मुली वाढवल्या.

ते उजव्या बाजूने उघडायचं. अक्षर कुणालाच लागत नव्हतं, पण पानांचे आकडे वाचता यायचे. त्यामुळे कपड्यांना नावं नव्हती, नंबर होते. जिन्यात तुम्ही उभे राहिला असतात तर ऐकलं असतंत, "मावशी, हिला बेचाळीस नंबर शिवा, पण झालर कमी." "जपान रिकामं आहे का?" "नाही, वर तिसऱ्या मजल्यावर गेलंय, संध्याकाळी ये." शाळेच्या गॅदरिंगला दोन सख्ख्या बहिणी एकाच नंबरावरून अशा भांडल्या की एकीने दुसरीची वही संडासात टाकली. शेवटी मावशीने अडतीसची बाही आणि बेचाळीसचा घेर जोडून तिसराच फ्रॉक काढला. त्याला आजही त्या दोघी ऐंशी नंबर म्हणतात. अडतीस अधिक बेचाळीस.

चित्रांच्या शेजारी बारीक आकड्यांत त्या मुलींची उंची छापलेली असायची. मावशीने ते स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं होतं. "ही एकशेपंचावन्न. तू एकशेअठ्ठेचाळीस. म्हणजे लांबी दीड इंच कमी. चलो साईं, हात वर." हे साईं ती शेठकडून घेऊन आली होती आणि आठवीतल्या पोरीलाही तेच म्हणायची. पोरी स्टुलावरून हसायच्या, माप चुकायचं, ती परत टेप लावायची.

मासिकाच्या कव्हरवर गोंदाचा एक वाळलेला चौकोन होता. अंकाबरोबर काहीतरी भेट चिकटवून दिलेली असणार, ती शेठकडे येण्याआधीच गेलेली. काय असेल यावर आमच्यात वर्षानुवर्षं चर्चा व्हायची. काजळ, अंगठी, चॉकलेट. मावशीचं म्हणणं, "काय होतं ते सोडा. त्यांनी पोरींना फुकट काहीतरी दिलं ना? मग आपणही द्यायचं." म्हणून प्रत्येक फ्रॉकबरोबर त्याच कापडाच्या कात्रणाचा छोटा बटवा मिळायचा. माझ्याकडे निळा आहे. त्यात मी अजून घोषणा लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवते.

माझी उरलेली पत्रकं मी तिलाच द्यायचे. एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर ती कॉलरचे, खांद्याचे कागदी पॅटर्न काढायची.

"तुझ्या क्रांतीचा कागद बरा जाड असतो," ती म्हणायची. "कॉलर छान बसते."

"मावशी, वाचलंत तरी का?"

"वाचते ना. कापायच्या आधी."

खरंच वाचायची. सफाईच्या कंत्राटी बायकांवरचं पत्रक वाचून म्हणाली होती, "सगळं खरं आहे. पण त्या बाईला विचारलंस का, नाव छापू का म्हणून?" मी म्हटलं, नाव बदललंय. ती म्हणाली, "नाव बदललंस. बाकी तीच आहे की." मी हसले होते.

गेल्या दोन वर्षांत तिला कमी दिसायला लागलं. चष्म्याने भागणार नव्हतं, डॉक्टरने तसं सांगितलं होतं. सुई ओवताना ती दोरा ओठांत धरून अंदाजाने भोक शोधायची. मग तिच्या मनाने घेतलं की डोळे जायच्या आत हे सगळं पोरींना शिकवायचं. नुसती मशीन नाही. चित्र बघून पॅटर्न कसा काढायचा, एकशेपंचावन्नची एकशेअठ्ठेचाळीस कशी करायची. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी वर्ग घ्यायचं ठरलं. समितीने होकार दिला. अकरा पोरींनी नावं दिली. कारखान्यातल्या दोन जुन्या मैत्रिणी मशीन आणून देणार होत्या. हे कधी नव्हे ते तिने स्वतःसाठी मागितलेलं काम होतं, आणि जिन्यात जो भेटेल त्याला ती ते सांगत होती. "रविवारपासून मी टीचर हां. मला नमस्ते टीचर म्हणायचं."

त्याच सुमारास शहराबाहेरच्या एका नव्या गृहसंकुलात शाळकरी मुलींची सौंदर्यस्पर्धा ठेवली होती. वय बारा ते सोळा. रॅम्प, परीक्षक, प्रायोजक गोरं करणाऱ्या क्रीमचा. माझं डोकं फिरलं. अजूनही फिरतं, तो मुद्दा मी सोडलेला नाही. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. फक्त चौकट रिकामी होती.

उरलेले कागद द्यायला मावशीकडे गेले तर दुकान उघडं आणि ती वर कुणाकडे तरी फ्रॉक द्यायला गेलेली. टेबलावर जपान पडलं होतं. त्याची शिवण चौपन्नाव्या पानावर सैल झाली होती, म्हणून ते तिथेच उघडायचं. शाळेतल्या दिवसांनंतर मी ते पहिल्यांदाच उघडून बघत होते. पानावर मोहरीसारखा पिवळा, बिनबाह्यांचा फ्रॉक. आत पांढरा ब्लाउज, मोठी गोल कॉलर. आणि मुलीच्या चेहऱ्यावर एक गोल चिंधी चिकटवलेली. पुढचं पान उलटलं. तिथेही. सगळ्या मासिकात एकाही मुलीला तोंड नव्हतं. गळ्यापर्यंत कपडे, वर तपकिरी अस्तराचा गोल तुकडा.

मी मोबाइल काढला आणि चौपन्नचा फोटो घेतला. मावशी जिना उतरताना वाटेत भेटली. "काय गं, चहा घेऊन जा." मी म्हटलं घाई आहे.

चौकटीत मी लिहिलं ते शब्द पाठ आहेत. "आपल्याच वस्तीतल्या एका शिलाईच्या दुकानात मुलींना हे दाखवलं जातं. बाईला चेहरा नाही. बाईला विचार नाही. बाई म्हणजे कपडा टांगायचा हँगर. आयांनो, आपण मुलींना कुठे पाठवतो आहोत?" खाली फोटो. ताईंनी वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. उल्हासनगरच्या प्रेसमधून गठ्ठे आले आणि मी स्वतः कात्रपभर वाटले. आमच्या जिन्यातसुद्धा.

दुकानाचं नाव नव्हतं. पण तुम्हीच सांगा, पूर्ण शहरात असं जपान किती जणींकडे असणार?

विहार समितीने हॉल द्यायचं मागे घेतलं. समितीचे काका वाईट माणूस नाहीत. ते आईला म्हणाले, "पत्रक तुमच्याच पोरीचं. शिकलेली पोर लिहिते म्हणजे काहीतरी असेलच ना? विहारात आम्ही असलं कसं चालवायचं?" अकरातल्या नऊ आयांनी नावं काढून घेतली. उरलेल्या दोघींना मावशीने स्वतःच नको म्हटलं. "दोघींसाठी कुठे हॉल उघडायचा."

मला हे कळलं तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला आधी बरंच वाटलं. पत्रकाचा परिणाम झाला म्हणून. घरी आईसमोर बोलूनही दाखवलं.

आई अंबरनाथच्या फॅक्टरीतून पहिली पाळी करून आली होती, पाय धूत होती. नळ बंद करून तिने माझ्याकडे बघितलं.

"त्या चिंध्या कुणामुळे लावल्या, माहीत आहे का तुला?"

"कुणामुळे?"

"तुझ्यामुळे."

मला काहीच आठवेना. आईने सांगितलं. मी तेरा वर्षांची होते. गॅदरिंगला मला फ्रॉक शिवायचा होता आणि मी चौपन्न नंबर निवडला. मावशीने मोहरी रंगाचं कापडही माझ्या खांद्यावर टाकून बघितलं. मी आरशात बघितलं, मग चित्रातल्या गोऱ्या पोरीकडे बघितलं, आणि कापड काढून फेकलं. म्हणाले, मला पिवळा नको, मी काळी आहे. शाळेत मला म्हणतात पिवळं घालू नकोस, आणखी काळी दिसशील. "दुकानात भोकाड पसरलंस," आई म्हणाली. "तिने मग निळा शिवला तुला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, वाटीभर खळ करून दे. खळ मी करून दिली होती. रात्रीतून सगळ्या तोंडांवर तिने अस्तराच्या चिंध्या लावल्या. मला म्हणाली, नुसता अंगठा पुरत नाही, आता कुठली पोर कुणाच्या तोंडाला बघून रडते बघू."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तू विचारलं होतंस का?"

रंगावरून चिडवण्याविरुद्ध मी शाळाशाळांतून बोलते. माइक हातात घेऊन सांगते, मला माझ्या रंगाची कधी लाज वाटली नाही. ते मी खोटं सांगत नव्हते. मी विसरले होते. माझं रडणं एका बाईने तेरा वर्षं चिकटवून जपलं होतं, आणि त्याचाच मी फोटो काढून तिच्याविरुद्ध छापला.

दुसऱ्या दिवशी गेले. ती कटिंगच्या टेबलाशी रिकामी बसली होती. मी दारातूनच सुरू केलं. मावशी, माझं चुकलं, मला माहीत नव्हतं.

"आत ये. स्टुलावर चढ."

"मावशी, मी काय म्हणतेय..."

"तू बोल. मी ऐकतेय. हात वर."

मी माफी मागत होते आणि ती माझ्या छातीला टेप लावत होती. खांदा, कंबर, लांबी. आकडे पुटपुटत होती. मला वाटलं, हाताला काहीतरी हवं म्हणून करतेय. नाराज झाली की ती वस्तू मोजते हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा भांडण झाल्यावर तिने आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या.

टेप गुंडाळून ती म्हणाली, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी वरच गेले होते, कुठे गावाला गेले नव्हते."

मी स्टुलावरून उतरले.

"आता एक कर. दुसरं पत्रक काढ. माझं कौतुक नको. एवढंच छाप की हे खोटं होतं. तेवढं छापलंस तर काका हॉल देतील. मी विचारून आलेय त्यांना."

मी म्हटलं, काढते. या आठवड्यात काढते.

ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, स्पर्धा होऊन जाऊ दे. आत्ता आपणच आपलं पत्रक खोटं म्हटलं तर ते प्रायोजकवाले आपल्याला फाडून खातील. मुद्दा मोठा आहे. मी मान डोलावली. मजकूर लिहून ठेवला होता, चार ओळींचा. प्रेसवाला ओळखीचा. मी तो मजकूर त्याच्याकडे नेऊ शकत होते, ताईंनी काही माझे हात बांधले नव्हते. आधी स्पर्धा झाली, मग पाण्याचा मोर्चा आला, मग आणखी काहीतरी. चिंध्यांचं मला माहीत नव्हतं, असं मी निदान म्हणू शकते. या चार ओळींबद्दल काय म्हणू? मावशी जिन्यात भेटली की विचारायची नाही, नुसती बघायची. मी कानाला मोबाइल लावून वर जायचे. पलीकडे कुणी बोलत नसताना.

एका संध्याकाळी घरी आले तर जिन्याखालचं शटर खाली होतं. ती भाचीकडे गेली, भुसावळच्या बाजूला. आता एकटीला जमत नाही म्हणाली. जपान बरोबर घेऊन गेली.

"तुला द्यायला ठेवून गेलीय," आई म्हणाली. "दुपारभर वाट बघितली. तू मोर्च्यात होतीस."

सुतळीने बांधलेली एक गुंडाळी होती. उलगडली. कागदी पॅटर्न. पुढचा भाग, मागचा भाग, प्लेटांच्या खुणा, मोठी गोल कॉलर. माझंच ते चौकटीचं पत्रक, त्याचे चार-पाच कागद खळीने एकमेकांना जोडलेले. कोऱ्या बाजूवर निळ्या खडूच्या रेषा, काही ठिकाणी डबल. तिला पहिली रेष दिसली नसणार. कोपऱ्यात आकडे होते, त्या दिवशी स्टुलावर घेतलेले माझे. वर लिहिलं होतं ५४. आणि एका टाचणीला बोटभर मोहरी रंगाचं कापड.

मी आईला भाचीचा नंबर मागितला. तिच्याकडे नव्हता. बिल्डिंगमध्ये कुणाकडेच नव्हता. सगळ्यांना वाटलं होतं, माझ्याकडे असेल.

ते कापड मी शोधून आणलं. मागच्या महिन्यात बदलापूर पश्चिमेला, बेलवलीला, एका म्हाताऱ्या टेलरकडे गुंडाळी घेऊन गेले. कात्रपमध्ये द्यायची हिंमत झाली नाही. त्यांनी कागद टेबलावर पसरले, रेषांवरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे," म्हणाले. "कुणाचा?"

"आमच्या मावशीचा."

"शिवायचं काय आहे पण?"

"चौपन्न नंबर," माझ्या तोंडून गेलं.

"म्हणजे?"

मी सांगायला लागले. बिनबाह्यांचा फ्रॉक, आत ब्लाउज, बाजूला दोन-दोन प्लेटा. त्यांना नीट कळेना. "फोटो आहे का?"

फोटो होता. त्याच कागदाच्या पाठीवर. मी काही म्हणायच्या आत त्यांनी कॉलर उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि माझी चौकट उजेडाला धरली. मजकूर त्यांनी वाचला नाही. सवयीप्रमाणे आधी फ्रॉक बघितला, गळा बघितला, आणि मग गळ्याच्या वर त्यांचं बोट थांबलं.

"पोरीचा चेहरा का झाकलाय हो?" त्यांनी मला विचारलं.